चष्म्याची काडी

५ मार्च

अगं,

लेकीने काल फोनवर सांगितलं, "आई फोनवर येत नाही म्हणते. म्हणते, फोनवर बाबा नुसतं 'हं' करतात. पत्रात 'हं' लिहिता येत नाही, तेव्हा काय असेल ते लिहून पाठवा म्हणावं." मी म्हटलं, "हं." त्यावर ती का हसली ते काही कळलं नाही. असो, म्हणून हे पत्र.

तू गेलीस तेव्हा मला वाटलं, चार दिवस लेकीकडे राहशील, नातीचे लाड करशील आणि येशील परत. बॅग मोठी होती हे माझ्या लक्षात आलं होतं, पण थंडीचे कपडे जागा खातात, असं मी माझ्या मनाशी म्हटलं. आता लेक म्हणते, "आई इतक्यात यायची नाही." इतक्यात नाही म्हणजे कधी? आणि का? आपलं भांडण झालं असतं तर गोष्ट वेगळी. मी खूप आठवून पाहिलं, आवाज चढलेला काही मला आठवत नाही. चहात साखर कमी आहे असं मी म्हणालो होतो, पण ते तर मी रोजच म्हणतो.

बरं, तुला खूश करणारी एक बातमी. वेळ जाता जात नव्हता, म्हणून मागचं अंगण मी स्वच्छ करून टाकलं. काय पसारा होता गं तो! प्रत्येक वाफ्यात, प्रत्येक कुंडीत काहीतरी मोडकंतोडकं खोचलेलं. कपाचा निळा कान, तुटका कंगवा, बाहुलीचा हात, गंजलेली किल्ली. सगळं उपटून काढलं, धुतलं, पुसलं आणि लोखंड एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, चिनी माती एकीकडे असं बिस्किटांच्या डब्यात लावून ठेवलं. जन्म बस आगाराच्या स्टोअरमध्ये गेला माझा, हात शिवशिवतातच. कोपऱ्यात एक वाळकी काटेरी काडी उभी होती, तीही काढली. आणि या सगळ्यात सापडलं काय माहीत आहे? माझ्या जुन्या चष्म्याची काडी! तिच्यासाठी मी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "पाय फुटले असतील तिला." ती मातीत कशी गेली, देव जाणे.

अंगण आता आरशासारखं लख्ख आहे. पाहशील तर म्हणशील, हेच का आपलं घर. खाली सही काय करावी ते समजत नाही. तू मला हाक मारतेस ती 'अहो' अशी, आणि ते काही सही करायचं नाव नव्हे. तेव्हा तशीच सोडतो.


१४ मार्च

अगं,

माझ्या हातून फार मोठा घोळ झाला आहे.

शेजारच्या नर्सबाई सकाळी कुंपणापाशी आल्या. अंगण बघून त्या शाबासकी देतील म्हणून मी झारी घेऊन जरा ताठ उभा राहिलो. त्या किंचाळल्या. म्हणजे इस्पितळात एवढी वर्षं काढलेली बाई, पण खरोखर किंचाळल्या.

"अहो स्टोअरसाहेब, खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"तिने पेरणी करून ठेवली होती ना! कुठे काय आहे, त्याच्या खुणा! तुम्ही काय केलंत त्यांचं?"

"धुवून ठेवल्यात," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग कोपऱ्याकडे बघून विचारलं, "आणि तिचा गुलाब?" गुलाब म्हणजे ती वाळकी काडी. ती मी सरपणाच्या ढिगावर टाकली होती. धावत जाऊन आणली आणि होती तिथे परत खोचली. मुळाला थोडी माती तरी चिकटलेली होती. नर्सबाई म्हणाल्या, पाणी घाला आणि वाट बघा, दुसरं औषध नाही.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका वॉशरलासुद्धा चिठ्ठी बांधल्याशिवाय फळीवर ठेवलं नाही, त्याने हे करावं? एवढं स्टोअर सांभाळलं, कधी नट बोल्टच्या खणात गेला नाही, आणि स्वतःच्या घरातल्या खुणा मला केर वाटल्या. पण मी म्हणतो, तू एकदा तरी सांगायचंस! की सांगितलं होतंस? नर्सबाई म्हणतात, "ती तर दर वर्षी सांगत असते." मला काहीच आठवत नाही. तुझी शपथ, काहीच नाही.

आता असं कर, कुठल्या वाफ्यात काय आहे ते दोन ओळींत कळव. मी खुणा जागच्या जागी परत लावून टाकतो. रागावली असलीस तरी हे कळव. झाडांचा काय दोष?


२७ मार्च

अगं,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

इकडे सगळीकडे उगवायला लागलं आहे, आणि त्याने माझी जास्तच पंचाईत झाली आहे. हिरवं टोक वर आलं की मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतो. हे तू पेरलेलं की आपणहून आलेलं? सगळ्यांचे चेहरे सारखेच. दोन चिमुकली पानं, गोल, गप्प. नर्सबाई कुंपणावरून ओरडतात, "तण उपटा, तण!" पण तण कुठलं ते विचारलं तर म्हणतात, "इतक्या लहानपणी मलासुद्धा ओळखू येत नाही." मग मी काहीच उपटत नाही. सरसकट सगळ्यांना पाणी घालतो. चुकून तुझं काही उपटण्यापेक्षा शंभर तणं पोसलेली बरी.

एक झाड तर भिंतीजवळ असं काही फोफावतंय की विचारू नकोस. माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. त्याला मी काठी बांधून दिली आहे. हे नक्की तुझं काहीतरी खास असणार.

मी खुणांवरही डोकं चालवलं. डबा पुढ्यात घेऊन बसलो आणि विचार केला, तू उगीच काही करणार नाहीस, त्यात काहीतरी अर्थ असणार. मधल्या वाफ्यात बारीक, चिरलेल्या पानांची ओळ आली आहे. पानं अगदी कंगव्याच्या दातांसारखी. म्हणजे कंगवा तिथला! ते गाजर असावं. इतका आनंद झाला मला, की एकटाच "सापडलं!" म्हणून ओरडलो. कंगवा तिथे खोचला. पण मग किल्ली कुणाच्या पानासारखी? बाहुलीच्या हातासारखं कुठलं पान असतं? आणि चष्म्याची काडी? तिथे माझी गाडी अडते.

दुसरी गाडी अडते ती तू गेलीस त्या सकाळवर. मी पायरीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होतो. तू मागे कुंड्यांशी काहीतरी करत होतीस आणि मला काहीतरी विचारलंस. मी 'हं' म्हणालो. मग परत काहीतरी विचारलंस, मी परत 'हं' म्हणालो. असं दोन-तीनदा झालं असावं. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी मला आजही पाठ आहे, पुलाचं काम रखडल्याची. तुझा प्रश्न मात्र आठवत नाही. काय विचारलं होतंस गं?


१० एप्रिल

अगं,

मी गाढव आहे. कंगव्याचा आणि पानांचा काही संबंध नव्हता.

आज नर्सबाई सरळ फाटक उघडून आत आल्या आणि नळाजवळच्या कुंडीतला पुदिना खुडायला लागल्या. मला जरा विचित्र वाटलं. म्हटलं, "विचारून तरी घ्यायचंत."

"विचारायचं कशाला? ही माझी कुंडी आहे."

"तुमची?"

"तुमच्या घरी माझ्या हातून कप फुटला होता, निळा. मी किती ओशाळले होते! तर तिने त्याचा कान इथे खोचला आणि म्हणाली, आजपासून हा पुदिना तुमचा, येता-जाता न्यायचा. तुम्हाला खरंच काहीच ठाऊक नसतं का हो?"

त्या गेल्यावर मी डबा पुन्हा उघडला. तो कंगवा नीट पाहिला. माझ्या आईचा कंगवा तो! शेवटी शेवटी तिला एकही दात नव्हता आणि तरी गाजर हवं असायचं. तू किसून द्यायचीस. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू अजून तिच्या नावाची एक ओळ पेरतेस? मला का नाही सांगितलंस?

लगेच लेकीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या बाहुलीचा हात सापडलाय."

"अय्या! तो अजून आहे? बाबा, मग तिथे स्ट्रॉबेरी असणार. मी लहानपणी कच्च्याच तोडायचे, आई ओरडायची."

आहे. शेवटच्या वाफ्यात पांढरी फुलंही आली आहेत. किल्ली मला शेवटी कळली. तुझ्या माहेरच्या दाराची किल्ली. ते घर विकलं तेव्हा तू येताना तिथल्या गुलाबाची फांदी आणली होतीस. तीच मी सरपणावर टाकली. अजून तिच्यात काही हालचाल नाही. रोज बघतो. मला माफ कर.

तर एकूण गोष्ट अशी, की प्रत्येक खूण म्हणजे एक माणूस. आणि चष्म्याची काडी म्हणजे मी. म्हणजे या अंगणात माझंही काहीतरी आहे! पण ती काडी मी कुठून उपटली हे मला आठवत नाही. नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते मला काय माहीत? नवरा-बायकोचं तुमचं तुम्ही बघा." माझ्या नावाने तू काय लावलंस? कारलं? माझं तोंड बघून कारलंच सुचलं असणार. की मिरची? हसू नकोस. मला हे कळायलाच हवं. दुसरं काही लिहू नकोस, परत कधी येणार तेही नको, फक्त एवढं एक कळव.


२२ एप्रिल

अगं,

लेक म्हणते, "आई तुमची पत्रं वाचते, परत वाचते, आणि गप्प बसते." मी विचारलं, "चेहरा कसा असतो?" ती म्हणाली, "आईसारखा." ही तुझीच मुलगी.

अंगणात आता बहुतेक सगळ्यांची ओळख पटली आहे. टोमॅटो वासावरून समजले. काकडीचा वेल कुंपणावर चढला. पालक मी नर्सबाईंकडे पाठवला, त्यांनी तो खाऊन दाखवला, म्हणजे पालकच. भिंतीजवळचं ते मोठं झाड तेवढं तण निघालं. नर्सबाई पोट धरून हसल्या. "तणाला काठी बांधणारा माणूस पहिल्यांदा बघितला!" पण मला ते उपटवत नाही. माझ्या कमरेएवढं झालंय, इतकं मन लावून वाढलंय, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्याशी थोडं बोलतोही. ते उलटून काही विचारत नाही. माझ्याशी बोलताना तुला असंच वाटत असेल का, हे परवा त्याला पाणी घालताना मनात आलं आणि हातातली झारी तशीच राहिली.

सगळ्या खुणा जागेवर गेल्या. डब्यात फक्त काडी उरली आहे, आणि अंगणात एकच कुंडी उरली आहे जिच्यात काहीही उगवलं नाही. पायरीजवळची, माझ्या खुर्चीला लागून असलेली. इतके दिवस मी तिला पाय लावून बसत होतो. म्हणजे तीच माझी. सगळं उगवलं, माझंच तेवढं उगवलं नाही. मी पाणी जास्त घातलं असेल, नाहीतर साफसफाई करताना बीच उकरलं असेल. तू माझ्यासाठी काहीतरी पेरलंस, आणि काय पेरलंस ते कळायच्या आधीच मी ते मारून टाकलं. मला तुझ्यावाचून करमत नाही गं. लिहिणार नव्हतो, पण लिहिलं गेलं.

जाता जाता एक सहज विचारतो, तसं काही खास नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यात घेवड्याचे दाणे आहेत. ते फार जुने आहेत का? म्हणजे खायला बरे आहेत का? आणि समजा कुणी पेरलेच, तर उगवतील का? असं आपलं उगीच. उत्तराची घाई नाही.


४ मे

अगं,

चमत्कार! माझ्या कुंडीत उगवलं!

म्हणजे तू पेरलेलं मेलं नव्हतं, नुसतं झोपलं होतं. काही बियांना वेळ लागतो म्हणतात. आधी माती जरा फुगली, मग वाकलेला देठ दिसला, मान खाली घातलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन जाड पानं वर काढली. मी उकिडवा बसून बघत होतो. गुडघे धरले, पण हललो नाही. तुझ्या हाताला यश आहे, हेच खरं. तू तिकडे आणि तुझं बी इकडे उगवतंय. काय पेरलं होतंस ते मला अजून ओळखता येत नाही, वेलच असावा बहुधा, पण तू पेरलंस म्हणजे चांगलंच असणार. चष्म्याची काडी मी तिथे खोचली आहे.

कालच्या पावसात गोगलगायी आल्या होत्या. पहाटे कंदील घेऊन... नाही, खोटं कशाला, मोबाइलचा दिवा घेऊन मी एकेक वेचली. पूर्वी पावसात मी छत्री उघडून पेपर वाचायचो, आठवतं?

गुलाबाच्या काडीवर अगदी खाली, मातीजवळ, एक लाल टोक आलं आहे. मोहरीएवढं. नर्सबाईंना चष्मा लावून दोनदा बघायला लावलं. त्या म्हणाल्या, "आहे, जीव आहे."

पहिली स्ट्रॉबेरी पिकली. मी ती खाल्ली नाही. मग पक्ष्याने खाल्ली.


१० मे

अहो,

माहेरच्या गुलाबाला जीव आहे हे वाचून मला रडू आलं. ते आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला घाम फुटणार आहे.

तुमच्या कुंडीत मी काहीच पेरलं नव्हतं.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी ती मुद्दाम खुर्चीजवळ ठेवली. माती, खत, सगळं घालून. वाटलं, आता वेळ आहे, हाताशी आहे, एखाद दिवस यांना वाटेल काहीतरी लावावं. काय लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. गेलं अख्खं वर्ष ती तशीच होती आणि तुम्ही तिच्यावर पाय ठेवून पेपर वाचत होतात. त्या दिवशी सकाळी मी विचारलं, "यंदा तरी तुमच्या कुंडीत काय लावता?" तुम्ही म्हणालात, "हं." मी म्हटलं, "टोमॅटो लावू या?" तुम्ही म्हणालात, "हं." मग मी म्हटलं, "अहो, मी लेकीकडे निघून जाऊ का?" तुम्ही म्हणालात, "हं."

तुम्हीच परवानगी दिलीत, म्हणून गेले. रागाने नाही गेले. भिंतीशी बोलून बोलून थकले होते.

तर आता मला सांगा, मी जे पेरलंच नाही ते उगवलं कसं? तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की लेक धावत आली, आणि मग ती विचारत होती की रडतेस का. जन्मात तुम्हाला धड खोटं बोलता आलं नाही. घेवड्याचं विचारता काय, जाता जाता काय!

घेवडाच असेल तर त्याला काठी लागते. तणाला बांधलीत ती सोडून त्याला बांधा. शेंगा कोवळ्या असतानाच तोडायच्या असतात, जून झाल्या की दोरे निघतात. तुम्हाला ते कळायचं नाही. आणि ते तण राहू द्या तूर्त. मला एकदा बघायचं आहे, तुम्ही एवढं बोलता तरी कुणाशी.


१३ मे

अगं,

घेवडाच आहे. सात दाणे पेरले, चार उगवले. पेरताना भीती वाटत होती की तू येशील, रिकामी कुंडी बघशील, आणि तुला वाटेल की तू माझ्यासाठी केलेलं हेही मी पाहिलं नाही. आता कळलं की रिकामी कुंडी हेच तू माझ्यासाठी केलेलं होतं, आणि ते मी वर्षभर पाहिलं नाही ते नाहीच. माझ्या डोक्यात हे अजून नीट उतरत नाही. उतरेल हळूहळू.

काठी तणाची सोडून घेवड्याला बांधली. तण थोडं कललं आहे, पण पडलेलं नाही. तू येईपर्यंत धरून ठेवतो.

तुझे तीन प्रश्न राहिले होते. उशीर झाला आहे, तरी उत्तरं देतो.

यंदा माझ्या कुंडीत मी घेवडा लावला आहे.

टोमॅटो नको, ते तुझ्या वाफ्यात पुष्कळ आहेत.

आणि तिसऱ्याचं उत्तर, नको. जाऊ नकोस.

— अहो